ठमाबाईची बॅटरी

"दोन्ही सेल एकदम बदलायचे. एक जुना, एक नवा असं कधी करायचं नाही. जुना नव्याला घेऊन बुडतो."

श्रीनाथरावांचं हे सांगणं विद्युल्लताबाईंच्या कानात अजून स्वच्छ होतं. कानात म्हणायचं आपलं. खरं तर दोन्ही कान गेल्यातच जमा होते. लग्न होऊन त्या भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या या गल्लीत आल्या तेव्हा समोर चार माग होते. मग बारा झाले. पुढे भिंतीला भिंत लावून शेडच उभ्या राहिल्या. तीस वर्षं ती खटखट ऐकल्यावर एका सकाळी त्या सहज म्हणाल्या, "आज लूम बंद आहेत वाटतं." श्रीनाथराव हातातला पेपर खाली करून त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. लूम चालूच होते.

मग ते यंत्र आलं. साबणाच्या वडीएवढं, पोलक्याला आतून अडकवायचं, एक वायर कानापर्यंत, आणि पोटात एक पेन्सिल सेल. घड्याळाचा सेल, ट्रान्झिस्टरचे सेल, बॅटरीचे सेल यांच्या जोडीला हा एक. सगळं खातं श्रीनाथरावांकडे. कोर्टातून येता येता तेच सेल आणत, तारीख बघून घेत, आणि बदलताना दर वेळी ते एकच वाक्य म्हणत. ब्याण्णवच्या दिवाळीनंतर ते गेले. आता चौऱ्याण्णव सरत आलं होतं. घरात बोलणारं कोणी राहिलं नव्हतं, त्यामुळे विद्युल्लताबाई यंत्र बंदच ठेवत. कोपऱ्यावरच्या टपरीतले सेल चार दिवसांत उतरत, नाहीतर पाझरून यंत्राच्या पोटात हिरवा चिकटा करत. मग उगीच कशाला जाळा? पूजेला तर ते नकोच असे. देवाशी बोलायला त्यांना यंत्र लागत नव्हतं, आणि देवानेही आजवर कधी "काय म्हणालीस?" असं उलटून विचारलं नव्हतं.

माणसांचं तसं नव्हतं. नणंद नीला ठाण्याहून यायची. एकदा सांगायची, दोनदा सांगायची, आणि तिसऱ्यांदा हात उडवून म्हणायची, "जाऊ दे गं, काही विशेष नाही." ते ‘काही विशेष नाही’ मात्र विद्युल्लताबाईंना दर वेळी स्पष्ट ऐकू यायचं. आपल्याला न सांगण्याजोगं असं किती काय काय जगात घडत असेल, याचा हिशेब लागत नसे. तेव्हापासून त्यांनी विचारणं सोडलं. समोरच्याचं तोंड हललं की मान हलवायची. ‘हो का’, ‘छान’, ‘हो हो’. एवढ्यात भागतं, असं त्यांना समजलं होतं. नीलाचं येणंही हळूहळू सणावारापुरतं उरलं.

उरली एक ठमाबाई. मंगळवारी आणि शुक्रवारी पडघ्यापलीकडच्या पाड्यावरून भाजीची पाटी घेऊन ती यायची. पहाटेच्या अंधारात बांधावरून नाक्यापर्यंत चालत, तिथून टेम्पोने भिवंडी. गल्लीत भाजी विकून झाली की माईंच्या पायरीवर टेकायची आणि कपभर चहा घ्यायची. गल्ली विद्युल्लताबाईंना माईच म्हणे. ठमाबाई आली की त्या यंत्र चालू करत. आठवड्यात तेवढाच एक तास घरात माणसाचा आवाज असे, आणि त्या एका तासावर बाकीचे दिवस निघत.

"आळू घ्या माई, आळू. सासूलासुदिक खाजवायचा न्हाय, आसला गोड हाय."

"तुझी सासू जाऊन वीस वर्षं झाली की."

"म्हनून तर सांगते, तक्रार न्हाय आली तिची."

एका मंगळवारी मात्र ठमाबाईने चहा बाजूला ठेवला. तिने कमरेची बॅटरी काढली आणि भरदुपारी पायरीवर पेटवून दाखवली. "ही बगा. परवा सेल घातले, आन लगीच पिवळी पडली. पत्र्यावर उनात वाळवले सेल, तरी पिवळी ती पिवळीच. बांधावर पाय कुटं पडतो त्ये दिसत न्हाय. जनावराच्या डोक्यावर पडला म्हंजे?"

माई म्हणाल्या, "माझंही तेच. चल, हरीकडे जाऊ."

हरीचं विजेच्या सामानाचं दुकान बाजारात होतं. त्याने माईंचं यंत्र पाहिलं, ठमाबाईची बॅटरी पाहिली, आणि फळीवरून पत्र्यासारख्या चकाकणाऱ्या सेलांचं खोकं काढलं. "माई, आता चार्जचे घ्या. शेकडो वेळा उतरवा, शेकडो वेळा भरा. हा चार्जर प्लगात लावला की लाल दिवा लागतो. आज संध्याकाळी लावा, उद्या सकाळी काढा."

"मग घड्याळालाही हेच घालते."

"घड्याळाला नको! घड्याळ एक सेल वर्षभर चाटत बसतं. हा सेल नुसता ठेवला तरी महिन्या-दोन महिन्यांत आपला आपण उतरतो. घड्याळ, कपाटातली कधीमधी लागणारी बॅटरी, त्यांना साधेच. जे रोज वापरता, रोज संपतं, त्याला चार्जचे."

"म्हंजे जो रोज राबंल त्यालाच रोज जेवन," ठमाबाई म्हणाली. "आमच्यावानी."

"आणि नीट ऐका माई. अर्धवट उतरलेला चार्ज करायचा नाही. पूर्ण संपू द्यायचा, मगच भरायचा. मधेमधे भरत राहिलात तर त्याला तेवढ्याचीच सवय लागते, मग पुढे पोटभर घेतच नाही."

"दुपारी कोणी आग्रह केला म्हणून एकादशी मोडायची नाही, तसंच ना?"

"अगदी तसंच समजा," हरी हसला.

मागे एक लूमवाला टेपरेकॉर्डर काखेत मारून खोळंबला होता. तो कंटाळून म्हणाला, "हरीभाई, बुढिया लोगों को पूरा साइन्स पढाओगे क्या?"

ठमाबाई गर्रकन वळली. "बुढिया किसको बोलता रे? तेरी बॅटरी मेरे पैले उतरेगी!"

दुकान हसलं. माईसुद्धा हसल्या, कितीतरी दिवसांनी त्यांना विनोद पहिल्या खेपेला ऐकू आला होता.

यंत्रासाठी दोन पेन्सिल सेल, ठमाबाईच्या बॅटरीसाठी मोठ्या सेलांच्या दोन जोड्या. ठमाबाईच्या पाड्यावर विजेचा भरवसा नव्हता, म्हणून चार्जर माईंकडे राहिला. उतरलेली जोडी ठेवायची, भरलेली न्यायची, असं ठरलं. घरी येऊन माईंनी तो चार्जर देव्हाऱ्याच्या बाजूच्या प्लगात लावला. सांजवात लावून झाली की त्या चार्जरचं बटण दाबत. एकीकडे समईची ज्योत, दुसरीकडे हा तांबडा ठिपका. तो दिसला की वाटे, उद्या-परवा कोणीतरी येणार आहे.

अधिकउणं करायचं नाही, हरीने सांगितलं तसंच करायचं. विद्युल्लताबाईंना नेम लावून घ्यायची सवयच होती. सोमवारचं एकभुक्त, रोजचं सहस्रनाम, चातुर्मासातलं वांगं-कांदा बंद. त्यात ही एक भर पडली. सेल पूर्ण संपल्याशिवाय काढायचा नाही.

पण महिनाभराने ठमाबाईने पुन्हा तीच तक्रार काढली. "हरीनं गंडवलं आपल्याला. ह्ये सेलबी पिवळेच."

माई बॅटरी घेऊन हरीकडे गेल्या. त्याने शटरच्या आत, काळोखात, अंगठ्याच्या नखावर उजेड पाडला. नख कोऱ्या कागदासारखं उजळलं.

"माई, चार्जचा सेल पिवळा पडत नाही. जळतो तोवर एकसारखा जळतो, आणि मरतो तो एकदम मरतो. आधी सांगत नाही. साधा सेल कसा, हळूहळू मंदावून आपल्याला सावध करतो." त्याने बॅटरी विझवली. "ही फुल्ल आहे. ही ज्यांची आहे त्यांचे डोळे दाखवा कोणाला तरी."

शुक्रवारी माईंनी ते सांगितलं तेव्हा ठमाबाई उसळली. "माजे डोळे? हरीला काय कळतंय? त्यो इजेचा डागदर. मी आजून सुईत दोरा ओवते!"

"शेवटचा कधी ओवलास?"

ठमाबाईने बोटं मोजायला घेतली आणि मधेच थांबली. "औंदा न्हाय ओवला," ती म्हणाली. मग आपणच हसली, पण चहा तिने अर्धाच घेतला.

माईंनी तिला पडघ्याच्या दवाखान्यात जायला बजावलं. पुढच्या शुक्रवारी ती तिथूनच आली. पाटी अंगणात ठेवून, एरवी पायरीवर बसणारी ठमाबाई त्या दिवशी आत येऊन भिंतीला टेकून बसली. आवाज खाली आला होता तिचा. घाबरलेलं माणूस बोलतं तशी ती बोलत होती.

यंत्रातला सेल ठमाबाईच्या चारेक खेपा पुरे; ही चौथी होती. आज संपणार हे माईंना सकाळपासून ठाऊक होतं. भरलेला दुसरा सेल देव्हाऱ्यापाशी तयार होता. पण हा अजून संपला नव्हता, आणि नेम तो नेम.

"डागदरीन म्हनली, दोनी डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय," ठमाबाई म्हणाली. "म्हनली, आता उशीर क्येला तर…"

आणि आवाज तुटला. साधा सेल असता तर आधी ती अंगणातून बोलत्येय असं वाटलं असतं, मग गल्लीतून. माईंना सावध व्हायला वेळ मिळाला असता. इथे शब्दाच्या मधोमध सुरी फिरली. ठमाबाईचे ओठ हलत होते. हात एका डोळ्यावरून दुसऱ्यावर गेला, मग छातीशी आला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

उठून सेल बदलायला कितीसा वेळ लागला असता? पण एवढं रडवेलं माणूस समोर असताना उठायचं, पोलक्यातून यंत्र काढायचं, आणि म्हणायचं, आता पुन्हा पहिल्यापासून सांग? मग तिनेही हात उडवला असता तर? ‘जाऊ द्या माई, काय न्हाय’ एवढं ठमाबाईच्या तोंडून आलं असतं तर ते माईंना सोसवलं नसतं. ठमाबाईने काहीतरी विचारलं. भुवया वर गेल्या, म्हणजे विचारलंच असणार. माईंनी मान हलवली.

ठमाबाईने पुन्हा विचारलं. तिचा विश्वास बसत नसावा.

"हो, हो," माई म्हणाल्या. "अगदी."

ठमाबाईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या कपाळाला लावले. मग पदराने तोंड पुसून, कधी नव्हे ती पाटी विसरून निघाली, गल्लीतून परत आली, हसत पाटी उचलली आणि गेली.

माईंनी सेल बदलला. कानात आली ती फक्त लूमची खटखट. मंगळवारी विचारू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

मंगळवारी ठमाबाई आली नाही. शुक्रवारी नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. माईंनी यंत्र दिवसभर चालू ठेवायला सुरुवात केली. कडी वाजली तर ऐकू यावी म्हणून. कडी वाजायची ती दूधवाल्याची, नाहीतर चुकून आलेल्या कोणाची. दुपारी दोन कप आधण ठेवलं जाई आणि मग एक कप तुळशीपाशी ओतावा लागे. उतरलेल्या जोडीचे दोन मोठे सेल भरून केव्हाचे तयार होते. आपण कशाला ‘हो’ म्हणालो, हा एकच प्रश्न त्यांना जप करतानाही सोडेना. माळेचे मणी पुढे जात आणि नामाऐवजी ठमाबाईचे हलणारे ओठ डोळ्यांपुढे येत.

शेवटी त्या बाजारात गेल्या. पडघ्याकडच्या बायका एका रांगेत बसतात. त्यातली गोदूबाई ठमाबाईच्या पाड्यावरची.

"ठमी? ती कुटं येती आता. पहाटं बांधावरनं पडली. लेकानं येनंच बंद क्येलं तिचं." गोदूबाईने मेथीवर पाणी शिंपडलं. "आता काय, उद्या आप्रेशन हाय की. पडघ्याला शाळंत डोळ्यांचं शिबिर लागलंय."

"उद्या?"

"आसं काय इचारता? तुमीच तर ऱ्हानार तिच्या संगं!"

माईंनी यंत्राचा आवाज चाकावरून वाढवला. "मी?"

"साऱ्या पाड्याला सांगत सुटलीय. माई येनार, माईंनी ‘हो’ म्हनलंय, म्हनून मी सुरी लावून घेते. न्हायतर ती जाती व्हय? लई भित्री. सून बाळंतीन, लेकाची गोडाऊनमदी ड्युटी. डोळं बांदल्यावर चार दिस कोनी बाईमानूस पाह्यजे ना? आमी म्हनलं, बामनाची बाई काय येती शाळंतल्या सतरंजीवर निजाया? तर माज्या आंगावर आली. म्हनली, माई खोटं बोलत न्हाईत."

माई मेथीची जुडी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. गोदूबाईला वाटलं जुडी शिळी वाटली. तिने दुसरी काढून दिली.

जन्मात जी बाई जाणूनबुजून खोटं बोलली नव्हती, तिने न ऐकता शब्द दिला होता. मला ऐकूच आलं नव्हतं, असा निरोप गोदूबाईकडे देता आला असता. ठमाबाईने तो समजूनही घेतला असता. पण मग ती उद्या शाळेच्या दारातूनच माघारी फिरली असती, आणि पिकलेला मोतीबिंदू वाट बघत बसला नसता. गेलं तरी भीती होतीच. चार दिवस परक्या गलबल्यात. औषधाचे थेंब कुठल्या डोळ्यात, किती, केव्हा, हे कोणीतरी घाईघाईने एकदाच सांगणार. आपण सवयीने मान हलवली आणि चुकीचं घातलं तर? इथे ‘हो का, छान’ने भागणार नव्हतं. कोणाचा तरी डोळा होता.

त्या तिथूनच हरीकडे गेल्या.

"हरी, चार दिवस परगावी राहायचं आहे. तिथे प्लग मिळेल न मिळेल. यंत्रात कुठला सेल घालू?"

हरीने विचारही केला नाही. "साधा. मी ताजे देतो, तारीख बघून. आवाज जरा लांब गेल्यासारखा वाटला की लगेच बदला. पुरा संपायची वाट बघू नका."

"नाही बघणार," माई म्हणाल्या. "तो नेम चार दिवस सोडला."

संध्याकाळी त्या शेजारच्या राहीबाईंकडे गेल्या आणि घराची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "चार दिवस माझ्या देवापुढे सांजवात लावाल का?" लग्न झाल्यापासून अडचणीचे आणि सुतकाचे दिवस सोडले तर ती वात दुसऱ्या हाताने लागली नव्हती. राहीबाईंनी किल्ली कनवटीला लावली. काहीतरी म्हणाल्या.

"पुन्हा सांगा," माई म्हणाल्या. "मला ऐकू आलं नाही."

"म्हटलं, लावीन हो! पण निघालात कुठे?"

"एकीला शब्द दिलाय."

सकाळी त्यांनी दोन लुगडी, पंचा, जपाची माळ आणि सेलांचं पाकीट पिशवीत भरलं. देवाला नमस्कार करताना त्या नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिल्या. पट्टी सुटल्यावर ठमाबाईला सगळं खरं सांगायचं, त्याआधी नाही, हेही तेव्हाच ठरलं. मग यंत्र त्यांनी पोलक्याच्या आतून काढून बाहेर, सगळ्यांना दिसेल असं पदरावर अडकवलं आणि दार ओढून घेतलं. पहिली शिफ्ट भरली होती. गल्लीतून स्टँडपर्यंत त्या चालत गेल्या.

चौकशीच्या खिडकीतला माणूस खाली मान घालून काहीतरी लिहीत होता. "पडघ्याची गाडी?" माईंनी विचारलं. तो मान वर न करता बोलला.

"मला कमी ऐकू येतं," माई हळू पण स्पष्ट म्हणाल्या. "माझ्याकडे बघून सांगा. आणि दोनदा सांगा."

त्याने वर पाहिलं. पेन खाली ठेवलं. "तीन नंबरला, आजी. सव्वासातची. तीन नंबर, सव्वासात."

"तीन नंबर, सव्वासात," माईंनी म्हणून दाखवलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्या तीन नंबरच्या फलाटाकडे चालू लागल्या.